समुद्राची पीकपाहणी

डिसेंबरातली अमावास्येच्या आसपासची रात्र. गुहागरच्या वाळूवर आम्ही दहा-बारा जण उभे होतो. लाट फुटली की तिच्या कडेने निळा उजेड धावत जायचा आणि पाणी मागे सरताच विझायचा. ओल्या वाळूवर कुणी पाय आपटला की पावलाभोवती ठिणग्या उडायच्या. सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघाले. सातवी-आठवीतली एक मुलगी मात्र फोटो काढून झाल्यावर आईला म्हणाली, "आई, गेल्या वर्षीपण हे एवढेच होते का गं?" आईने माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर देता आलं नाही.

तो उजेड नॉक्टिलुका नावाच्या जिवाचा असतो. एका पेशीचा, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. पाणी हललं की तो उजळतो. त्याचं नाव, त्याचा रंग, तो का चमकतो हे सगळं पुस्तकात सापडतं. त्या मुलीचा प्रश्न वेगळा होता. तिला तुलना हवी होती, आणि तुलना करायची तर गेल्या वर्षी कुणीतरी मोजून ठेवलेलं असायला हवं.

जमिनीवर हे काम आपण शतकानुशतकं करत आलो आहोत. कोणत्या गटात काय पेरलं, किती पिकलं, याची पीकपाहणी होते, सातबाऱ्यावर नोंद चढते, पैसेवारी ठरते. समुद्रातही पीक येतं. हंगामात येतं, कधी भरघोस, कधी बेताचं. त्याच पिकावर तारली, बांगडा, सुरमई आणि आपलं ताट अवलंबून असतं. ते पीक डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला तलाठी नाही. मग त्याची पाहणी करतं कोण? हा लेख त्या माणसांविषयी आहे. त्यांतल्या काहींनी त्यासाठी उभं आयुष्य दिलं, काहींनी सुटीतले चार तास दिले. दोघांच्या वह्या मला सारख्याच मोलाच्या वाटतात.

*

समुद्रातल्या या पिकाला प्लवक म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द प्लँक्टन. प्रवाहाबरोबर तरंगत राहणारे जीव ते प्लवक. त्यांतले वनस्पती प्लवक सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा या सूक्ष्म जिवांचा आहे. त्यांना प्राणी प्लवक खातात, प्राणी प्लवकांना छोटे मासे, छोट्यांना मोठे.

अरबी समुद्रात या पिकाचे दोन मोठे हंगाम असतात. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे पृष्ठभागाचं पाणी ढकलतात आणि खालचं थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे गार वारे येतात. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं, आणि खालचं खत वर येतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर समुद्राची नांगरट वारा करतो. उन्हाची आणि खताची गाठ पडली की पीक उगवतं.

हे पीक मोजायची एक पद्धत डेन्मार्कचे शास्त्रज्ञ स्टीमन नील्सन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळवली. समुद्राचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात कार्बन-१४ हे कार्बनचं किरणोत्सारी रूप अगदी मोजून घालायचं. काही बाटल्या उजेडात ठेवायच्या, काही काळोखात. ठरलेल्या तासांनी पाणी गाळायचं आणि गाळणीवर उरलेल्या जिवांनी किती कार्बन-१४ पोटात घेतला ते पाहायचं. त्यावरून त्या पाण्यात, त्या दिवशी, त्या उजेडात किती पिकलं ते कळतं. बाटली कुठल्या खोलीवरून घेतली, किती वाजता घेतली, ऊन कसं होतं, यांतली एक जरी नोंद चुकली तर पूर्ण दिवस वाया. जहाज डोलत असतं, पोटात ढवळत असतं, आणि बाटल्यांवरचे आकडे मात्र ओळीत लागावे लागतात.

*

या बाटल्यांच्या मागे गेलेलं एक मराठी नाव आपल्याकडे हवं तितकं घेतलं जात नाही. अदिती पंत.

जन्म १९४३चा, नागपूरचा. घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, चित्रकार राजे भवानराव हे त्यांचे आजोबा. वडील अप्पासाहेब पंत. औंधच्या प्रजेच्या हाती कारभार सोपवण्याच्या, गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या प्रयोगात ते पुढे होते आणि स्वातंत्र्यानंतर भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. औंध म्हणजे खटाव तालुक्यातलं, पावसाची वाट पाहणारं गाव. तिथून समुद्र दिसत नाही.

समुद्र अदितींकडे पुस्तकातून आला. पुण्यात पदवीचं शिक्षण घेताना अ‍ॅलिस्टर हार्डी या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचं 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं. १९५६ साली निघालेल्या या पुस्तकाचा पहिला भाग प्लवकांच्या दुनियेविषयी आहे. हार्डींनी स्वतः रंगवलेली चित्रं त्यात आहेत: काचेसारखे पारदर्शक किडे, नक्षीदार कवचांचे एकपेशीय जीव. त्या पुस्तकाने या मुलीची वाट ठरवली. संशोधनाला पाठबळ म्हटलं की आपल्यापुढे कोटींचे आकडे येतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती योग्य वेळी पडलेलं पुस्तक हेही पाठबळच असतं आणि ते आपल्यापैकी कुणालाही देता येतं.

पुढचं पाठबळ शिष्यवृत्तीचं. अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या हवाई विद्यापीठात गेल्या आणि सागरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली. तिथे प्रश्न मिळाला तो उष्ण कटिबंधातल्या उन्हाचा: कडक उजेडात वनस्पती प्लवकांचं प्रकाशसंश्लेषण कसं चालतं? पुढे लंडन विद्यापीठाच्या वेस्टफिल्ड कॉलेजात सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर त्यांनी पीएच.डी. केली. परदेशात राहायचं ठरवलं असतं तर वाट मोकळी होती. त्या परत आल्या, कारण गोव्यात एक नवी संस्था उभी राहत होती.

*

ती संस्था म्हणजे दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सगळ्यांच्या तोंडी 'एनआयओ'. तिच्या जन्माची गोष्ट पीकपाहणीचीच आहे.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात जगातल्या अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. तोवर हा महासागर जगाच्या नकाशावर सर्वांत कमी अभ्यासलेला. चाळीसच्या आसपास जहाजं त्यात उतरली. भारताच्या नौदलाची 'किस्तना' त्यांत होती. सगळ्यांनी एकाच मापाची जाळी वापरायची, २०० मीटर खोलीपासून वर ओढायची आणि प्राणी प्लवकांचे नमुने एकाच ठिकाणी पाठवायचे असं ठरलं. ते ठिकाण होतं कोची. तिथल्या हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्रात देशोदेशींच्या बरण्या येत. टेबलांशी बसलेली माणसं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा काढत. कोळंबीच्या कुळातले एकीकडे, बाणासारखे किडे दुसरीकडे, माशांची अंडी तिसरीकडे. घरात सुपात तांदूळ निवडावेत तसं महासागर निवडण्याचं काम कित्येक वर्षं चाललं.

या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी एनआयओची स्थापना झाली. डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक. भारतात समुद्राचं विज्ञान उभं करायचं तर बाहेर शिकलेली तरुण माणसं परत यायला हवीत, हे त्यांनी ओळखलं होतं. १९७०च्या दशकात अदिती पंत एनआयओत आल्या. वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे मन्नारच्या आखातापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. पाण्याचे नमुने, खाड्यांची मुखं, किनाऱ्यालगतचं पीक. तेव्हा संस्थेकडे स्वतःचं जहाजही नव्हतं. 'गवेषणी' १९७६ साली मिळाली, तीही गाळ वाहणाऱ्या बार्जची डागडुजी करून संशोधनासाठी घडवलेली. याच गवेषणीने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून बहुधातुक गोटे वर काढले आणि खोल समुद्रातल्या खनिजांच्या शोधात भारताचं नाव लागलं. साधन साधं होतं, माणसं चिवट होती.

*

एनआयओचे संचालक राहिलेले डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून निघाली. ९ जानेवारी १९८२ रोजी २१ जणांची तुकडी बर्फावर उतरली. पहिल्या दोन्ही मोहिमांत एकही स्त्री नव्हती. तिसरी मोहीम डिसेंबर १९८३मध्ये डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली निघाली, तेव्हा 'फिनपोलारिस' जहाजावर दोघी होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. भारताच्या वैज्ञानिक मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया.

दक्षिणेकडच्या त्या उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं पहिलं ठाणं बर्फावर उभं राहिलं. बांधकामाची बातमी झाली, छायाचित्रं छापून आली. त्याच काळात जहाजाभोवतीच्या पाण्यात पंत यांचं नेहमीचं काम चालू होतं. या थंडगार पाण्यात किती पिकतं? दक्षिण महासागरात अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ ऐन उन्हाळ्यात चोवीस तास उजेड असतो. बर्फ वितळताना त्याच्या कडेला वनस्पती प्लवकांचा हंगाम बहरतो, त्यावर कोळंबीसारखी दिसणारी क्रिल पोसली जाते, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे. हवाईच्या कडक उन्हात जो प्रश्न घेऊन त्या निघाल्या, तोच प्रश्न त्या पृथ्वीच्या तळाशी तिरप्या उन्हात विचारत होत्या. ज्यांच्या पुस्तकाने त्यांना या वाटेला लावलं ते हार्डी १९२५ ते १९२७ या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून याच महासागरात, याच क्रिलच्या मागे हिंडले होते.

नंतर पंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर काम केलं. समुद्रापासून दूर आल्या, पण खारं पाणी सुटलं नाही.

त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना 'पहिली' हा शब्द आपण चटकन उचलतो. तो मान खराच आहे. मला त्याहून मोठी वाटते ती सलगता. एकच प्रश्न वेगवेगळ्या पाण्यांत, वर्षानुवर्षं, त्याच काटेकोरपणाने विचारत राहणं. बर्फावरचं पाऊल एका दिवसाचं असतं, बाटल्या आयुष्यभर भराव्या लागतात.

*

हार्डींची गोष्ट पुस्तकावर संपत नाही. त्यांनी एक यंत्र केलं होतं, आणि समुद्राच्या अभ्यासात स्वयंसेवा म्हणजे काय ते त्या यंत्राइतकं नीट मला कुणी समजावलेलं नाही.

हेरिंग मासा कधी भरपूर मिळतो, कधी गायब होतो, याचं उत्तर प्लवकांत असणार असं त्यांना वाटे. पण संशोधन जहाज वर्षातून काही आठवडे समुद्रात, बाकी दिवस कोरे. नोंदीत खाडेच जास्त. हार्डींनी विचार केला, समुद्रावर रोज कोण असतं? मालवाहू जहाजं. त्यांच्या मागे दोराने ओढत नेता येईल अशी एक पेटी त्यांनी तयार केली. पेटीच्या तोंडाशी सेंटिमीटरभराचं चौकोनी भोक. त्यातून आत आलेलं पाणी रेशमी कापडाच्या पट्टीतून गाळलं जातं. पेटीच्या शेपटीचा पंखा पाण्याच्या जोराने फिरतो आणि पट्टी सावकाश पुढे सरकवतो. अडकलेल्या जिवांवर वरून दुसरी पट्टी बसते आणि दोन्हींची गुंडाळी होऊन ती फॉर्मालिनमध्ये जाते. बंदरात पेटी उघडली की ते रेशीम म्हणजे प्रवासाची रोजनिशी. कापडाचा अमुक तुकडा म्हणजे समुद्राचे अमुक दहा मैल.

१९३१ साली इंग्लंडमधल्या हल बंदरातून ही पेटी नियमित निघू लागली. ओढणारी जहाजं आपापला माल घेऊन निघालेली. कप्तान आणि खलाशी पेटी पाण्यात सोडत, वर काढत, वेळ लिहीत. विज्ञानाचा हा भाग ते स्वखुशीने, बिनमोल करत आले. महायुद्धात काम थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे. नव्वदीच्या घरातली ही पाहणी सागरी जीवशास्त्रातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत लांब पसरलेल्या नोंदींपैकी एक आहे.

आणि ती एकदा बंद पडता पडता राहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिला मिळणारा पैसा थांबवायचं ठरलं. वर्षानुवर्षं तेच ते मोजणं, यात नवीन काय, अशी शंका प्रत्येक दीर्घ नोंदीच्या वाट्याला येते. जगभरचे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले आणि १९९० साली हार्डींच्याच नावाच्या प्रतिष्ठानाने ती हाती घेतली.

ती बंद पडली असती तर काय गमावलं असतं, हे पुढच्या काही वर्षांत दिसलं. २००२ साली याच नोंदींवरून कळलं की ईशान्य अटलांटिकमध्ये कोमट पाण्यातले कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे तांदळाच्या कणीएवढे दूरचे नातलग, चार दशकांत दहा अक्षांशांहून जास्त उत्तरेला सरकले आहेत. हवामानबदलाचा समुद्रातला असा ठसठशीत पुरावा तोवर दुर्मीळ होता. २००४ साली जुने रेशीम पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली गेलं, या वेळी प्लास्टिकसाठी. १९६०च्या दशकापासूनच्या तुकड्यांवर प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सापडले आणि ते पुढच्या दशकांत वाढत गेल्याचं दिसलं. १९५७ साली पेटीत अडकलेली मासेमारीची दोरी आणि १९६५ साली आयर्लंडजवळ अडकलेली प्लास्टिकची पिशवी यांच्याही नोंदी वहीत होत्या. ज्या खलाशाने ती पेटी पाण्यात सोडली, त्याच्या डोक्यात सूक्ष्मप्लास्टिक हा शब्दही नव्हता.

इथे मला या विषयाचं मर्म सापडतं. समुद्राची नोंद आपण आजच्या प्रश्नासाठी ठेवतो आणि ती उद्याच्या, अजून कुणाला सुचलेल्याही नसलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. अट एकच, खाडा पडता कामा नये. गेलेल्या वर्षाचं पाणी कितीही पैसे मोजून परत भरून आणता येत नाही.

*

गुहागरच्या निळ्या लाटांचंही असंच आहे. १९९०च्या दशकापर्यंत अरबी समुद्राच्या हिवाळी पिकात डायटम नावाचे, वाळूच्या द्रव्याचं कवच असणारे वनस्पती प्लवक जास्त असत. या शतकाच्या सुरुवातीपासून मोकळ्या अरबी समुद्रात त्यांची जागा हिरव्या नॉक्टिलुकाने घेतली. मूळचे गोव्याचे, एकेकाळी एनआयओत काम केलेले ज्वाकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोम्स यांनी सहकाऱ्यांसह हा बदल अभ्यासला. हा जीव डायटम खातोच, शिवाय पोटात हिरव्या शैवालपेशी बाळगून उन्हावरही जगतो. त्याला खाणारे थोडे, मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्पसारखे थुलथुलीत प्राणी. म्हणजे पीक भरघोस आलं तरी माशांच्या साखळीला ते पचेलच असं नाही. बदलाच्या कारणांवर संशोधकांत चर्चा चालू आहे. पण बदल झाला हे आपण सांगू शकतो, ते आधीच्या दशकांतल्या जहाजफेऱ्यांमध्ये कुणीतरी पाणी भरून, मोजून, लिहून ठेवलं म्हणून. त्या मुलीला किनाऱ्याविषयी मला उत्तर देता आलं नाही. खोल समुद्राविषयी देता आलं असतं. किनाऱ्याच्या नोंदी अजून विरळ आहेत, आणि नेमकं तिथेच सामान्य माणसाला काम आहे.

ते सुरूही झालं आहे. २०१७ साली प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम उभा केला. उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी पाहून माणसं गिरगाव, हाजी अली, जुहूच्या किनाऱ्यावर उतरतात. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेलं असतं. त्यात समुद्रफुलं, शंखात घर केलेले खेकडे, रंगीत समुद्री गोगलगाई, कधी एखादा ऑक्टोपस. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, काही उचलून न्यायचं नाही, फोटो काढायचा, जागा आणि वेळ लिहायची आणि नोंद सगळ्यांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवायची. मुंबईचा समुद्र म्हणजे गाळ आणि कचरा असं मानणाऱ्या शहराला आपल्या पायाशी प्रवाळ आहे हे कळू लागलं. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली एनआयओच्या देखरेखीत दुसऱ्या जागी हलवाव्या लागल्या. एखादी गोष्ट तिथे आहे याची नोंद असेल तरच ती वाचवायची की नाही हा प्रश्न तरी निघतो.

कोकणात ही वही कासवांची आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे ऑलिव्ह रिडली कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तोवर ती खणून नेली जात. गावातलीच माणसं कासवमित्र झाली. पहाटे उठून वाळूत उमटलेला मादीचा माग पाहायचा, घरट्याचा खड्डा हळुवार उकरायचा, शंभर-सव्वाशे अंडी मोजून कुंपणातल्या तशाच खड्ड्यात ठेवायची, वर तारीख लिहायची. पुढे दीड-दोन महिने वाट. पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ मोजून समुद्रात सोडायची. वाळू किती तापली यावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं. म्हणून तारखा, आकडे, उष्णतामान यांची कासवमित्राची वही हवामानाचीही वही आहे.

या वह्यांचं मोल सांगणारी एक गोष्ट अलीकडचीच. मार्च २०२१मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर संशोधकांनी एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची चिमुकली पट्टी लावली, क्रमांक ०३२३३. जानेवारी २०२५मध्ये ती मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन किनाऱ्यांमधलं समुद्रमार्गाचं अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असा समज होता. २०२३ साली गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा तो हलला होता. या मादीने उलट दिशेनेही ये-जा होत असल्याचं दाखवलं. पट्टी लावणारा हात ओडिशाचा, वाचणारी नजर कोकणची. मधली चार वर्षं कुणाच्याच हाती नव्हती. किनारा राखणारं माणूस त्या रात्री तिथे नसतं, तर समुद्राने आणून दिलेलं उत्तर वाळूवरून परत गेलं असतं.

*

मग पाठबळ कुणाला आणि कसं द्यायचं?

सरकारने २०२१ साली खोल महासागर मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' पाणबुडी चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था घडवते आहे. याचा अभिमान वाटावाच. हैदराबादचं सागरी माहिती केंद्र 'इन्कॉइस' उपग्रहातून पाण्याचा रंग आणि उष्णतामान पाहून मासळी कुठे लागेल याची सूचना मच्छीमारांना देतं. पाण्याचा रंग म्हणजे वनस्पती प्लवकांचं हरितद्रव्य. कोळ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या त्या निरोपामागे पिकाची पाहणीच आहे. पण उपग्रहाने पाहिलेला रंग खरा की खोटा हे तपासायला पुन्हा कुणीतरी होडीतून जाऊन बाटली भरावी लागते. आकाशातल्या डोळ्याला पाण्यातल्या हाताची साक्ष लागते.

त्या हातासाठी पैसा टिकत नाही. प्रकल्प तीन-पाच वर्षांचे असतात आणि पाणी मोजायचं असतं तीस-पन्नास वर्षं. प्रकल्प संपला की करारावरचा तरुण संशोधक दुसरी नोकरी शोधतो, खाडीवरचं मोजमाप थांबतं आणि पुढच्या प्रकल्पात दुसरं कुणी पहिल्यापासून सुरुवात करतं. सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक ओळखणारी माणसं तर झपाट्याने कमी होत आहेत, कारण ती नजर घडायला दहा वर्षं लागतात. माझं मागणं मोठं नाही. नव्या जहाजाबरोबर जुन्या वहीचाही खर्च धरा. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, मत्स्य महाविद्यालय आहे, गोवा विद्यापीठात सागरविज्ञान शिकवतात, वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. शेजारच्या एखाद्या खाडीचं पाणी महिन्यातून दोनदा मोजायचं ठरवून कॉलेजं आणि गावं या संस्थांशी जोडली गेली, तर वीस वर्षांनी कोकणाजवळ जगाला दाखवावी अशी नोंद असेल. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनाही सांगावंसं वाटतं, ही वाट खडतर आहे, पण खटावच्या दुष्काळी पट्ट्याशी नातं सांगणारी मुलगी या वाटेने पृथ्वीच्या टोकापर्यंत गेली आहे.

*

गुहागरहून परतीच्या वाटेवर मी हर्णैला थांबले, एक जुनं मोजमाप स्वतः करून पाहायला. १८६५ साली इटलीतल्या अँजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पाण्याची पारदर्शकता मोजायला एक पांढरी तबकडी वापरली. तबकडी दोरीने सोडायची आणि जिथे ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. पाण्यात प्लवक जास्त तर खोली कमी. दीडशे वर्षांनंतरही याहून स्वस्त साधन निघालेलं नाही. २०१३पासून ब्रिटनमधल्या एका उपक्रमात जगभरचे हौशी दर्यावर्दी अशाच तबकड्या सोडून आकडे पाठवतात. मी घरी ३० सेंटिमीटरची पांढरी तबकडी कापून घेतली होती, खाली वजन बांधलं होतं.

सुवर्णदुर्गाच्या बाजूला निघालेल्या होडीत तांडेलांना विचारलं, "मामा, पाच मिनिटं थांबवाल का?"

"काय गमावलं काय पाण्यात, ताई?"

मी तबकडी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि दोरी स्वतःच्या हाती घेतली. पांढरा गोल हिरवट झाला, मग धूसर, मग नाहीसा. मी मोजपट्टीची खूण शोधत होते, तोवर त्यांनी हात पसरून दोरी मापली होती. "दीड वाव," ते म्हणाले. "पावसाळा सरल्यावर एवढंच दिसतं इथं. होळीच्या सुमाराला बघा, जास्त दिसेल."

"हे कुणी लिहून ठेवलंय का, मामा?"

"लिवायला कोण येतंय? आमच्या ध्यानात असतं."

होडीच्या कडेवर वही टेकवून मी लिहिलं: तारीख, वेळ, जागा, ऊन स्वच्छ, दीड वाव. खाली होळीच्या पंधरवड्याची तारीख घातली आणि पुढची जागा कोरी ठेवली. दोरी आणि तबकडी मी मामांच्या होडीतच ठेवून आले.